मरणाचा विचार आतून कसा असतो

आत्महत्येबद्दल आपल्याकडे बोललं जातं ते बातमी आल्यावर. सोसायटीच्या गेटपाशी चार माणसं जमतात, “कालच तर भेटला होता, हसत होता,” असं कुणीतरी म्हणतं, कर्ज होतं की घरात काही होतं याचे तर्क होतात आणि दोन दिवसांत विषय मिटतो. ज्यांच्या मनात हा विचार आला, ठाण मांडून बसला आणि तरी जे आज सकाळी उठून डबे भरत होते, त्यांना कुणी काही विचारत नाही. अशी माणसं खूप आहेत. १७ देशांत केलेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत शंभरातल्या सुमारे नऊ जणांनी सांगितलं, की जीव देण्याचा गंभीर विचार आयुष्यात कधी ना कधी त्यांच्या मनात येऊन गेला आहे. म्हणजे एनएमएमटीच्या भरलेल्या बसमध्ये पन्नास माणसं असतील, तर त्यांतली चार-पाच.

त्या चार-पाचांतली मी एक. नवी मुंबईत, कोपरखैरण्यात राहते. आज बरी आहे. पुढे ज्यांच्याबद्दल लिहिलं आहे त्यांना विचारून लिहिलं आहे आणि ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत.

हे वाचताना तुमच्या मनात आत्ता तो विचार असेल, तर बाकीचं नंतर वाचा. आधी १४४१६ हा नंबर लावा. ‘टेलिमानस’ नावाची ही सरकारी हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. फोन नको वाटत असेल तर घरात जे कुणी जागं आहे त्यांच्याजवळ जाऊन बसा. काही बोललं नाही तरी चालेल, पण एकटे राहू नका.

माझी धाकटी तेव्हा चार महिन्यांची होती. रात्री अडीच-तीनला तिला पाजायला उठायचे आणि मग झोप लागायची नाही. अशाच एका रात्री मनात आलं, आपण आत्ता झोपावं आणि सकाळी उठूच नये. त्या विचाराचं मला अजिबात भय वाटलं नाही. उलट, उन्हातून येऊन माठातलं पाणी प्यावं तसं बरं वाटलं. इतकं बरं वाटलं याचं भय नंतर, सकाळी वाटलं. मग लाज वाटली. चांगला नवरा, धडधाकट मुलं, डोक्यावर छप्पर, आणि हिला मरण आठवतंय. ती लाज मी दाबून ठेवली. पोळ्या लाटल्या, मोठ्याचा अभ्यास घेतला, शेजारच्या हळदीकुंकवाला साडी नेसून गेले आणि उखाणासुद्धा घेतला.

बाहेरून हे का दिसत नाही, त्याचं कारण या लाजेत आहे. माणूस खोटं हसत असतो असंही नेहमी नसतं. उखाण्याला मी खरंच हसले होते. हसू आणि तो विचार एकाच मनात, एकाच दिवशी राहू शकतात.

सगळे असे विचार एका मापाचे नसतात. डॉक्टर साधारण पायऱ्यांनी विचारतात. पहिली पायरी ‘मरण आलं तर बरं’ अशी. यात माणूस स्वतः काही करायचं म्हणत नाही. त्याला फक्त सगळ्यातून नाहीसं व्हायचं असतं. पुढची पायरी ‘जीव द्यावा’ असं वाटण्याची. त्याच्या पुढे कसं आणि कधी याचा विचार, आणि शेवटी तयारी. वरच्या पायऱ्यांवर वेळ थोडा असतो, तिथे त्याच दिवशी डॉक्टर गाठावा लागतो. पण पहिल्या पायरीवरचा माणूस सुरक्षित आहे असं समजू नये. माणूस एका वाईट रात्रीत दोन पायऱ्या चढू शकतो आणि उतरूही शकतो. यांहून वेगळा आणखी एक प्रकार असतो. नको असताना अचानक एखादं भयंकर चित्र डोळ्यांपुढे येतं आणि माणूस स्वतःच दचकतो. ती त्याची इच्छा नसते, म्हणून तर त्याला त्याची इतकी धास्ती बसते. बाळंतिणींना असं पुष्कळदा होतं आणि त्या सांगायला घाबरतात. डॉक्टरांना सांगावं. त्यांना हे नवं नसतं.

आपल्या बोलण्यात तर मरण पदोपदी असतं. नौपाड्यात माझी आत्या राहते. गुडघा दुखला की म्हणणार, “पांडुरंगा, ने रे बाबा आता.” गेली वीस वर्षं म्हणते आहे, आणि भिशीचा हप्ता एकदाही चुकवलेला नाही. मग तिचं बोलणं मनावर घ्यायचं कधी? मला जे कळलं ते असं, की शब्दांपेक्षा बदल बघावा. एका पावसाळ्यात आत्या हे म्हणायचीच थांबली. तुळशीला पाणी घालेना, मालिका लावेना, गप्प बसून राही. घरचे म्हणाले, बरं झालं, कुरकुर कमी झाली. माझ्या आतेबहिणीला ते पटलं नाही. ती तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली, तेव्हा नैराश्याचं निदान झालं. उपचार झाले. आता ती पुन्हा पांडुरंगाला हाका मारते, आणि त्या ऐकून आम्हा सगळ्यांना हायसं वाटतं.

‘च’ कडे कान द्या

एडविन श्नाइडमन हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ. १९५८ मध्ये लॉस एंजेलिसला आत्महत्या रोखण्यासाठीचं केंद्र ज्यांनी उभं केलं, त्यांतले एक. त्यांनी आयुष्यभर या एकाच प्रश्नाचा अभ्यास केला. त्यांचं म्हणणं असं, की या माणसांना मरण हवं असतं असं समजणं चुकीचं आहे. त्यांना मनातली एक असह्य वेदना थांबायला हवी असते, आणि ती थांबवायचा दुसरा उपाय त्या घडीला दिसत नसतो. नजर आकसते. बोगद्यातून बघितल्यासारखं समोरचं एक भोक तेवढं दिसतं, आजूबाजूचा डोंगर, झाडं, रस्ता काही दिसत नाही. म्हणून अशा माणसाच्या बोलण्यात इंग्रजीतला ‘ओन्ली’ हा शब्द त्यांना सगळ्यांत धोक्याचा वाटायचा.

मराठीत तर त्यासाठी अख्खा शब्दही लागत नाही. आपला एक ‘च’ पुरतो. ‘आता एकच मार्ग आहे.’ ‘हे कधी संपणारच नाही.’ ‘मलाच जमत नाही.’ ‘कुणालाच फरक पडणार नाही.’ मी त्या महिन्यांत डायरी लिहायची. नंतर ती वाचली तेव्हा पानोपानी हा ‘च’ दिसला.

आणि तरीही, त्याच आठवड्यात मी भिंतीवरच्या कालनिर्णयवर मुलीच्या पुढच्या लसीच्या तारखेला गोल केला होता. आपण या जगात नसावं असं वाटणारी बाई महिन्याभरानंतरची तारीख लक्षात ठेवत होती. याला दुटप्पीपणा म्हणू नये. मरावं आणि जगावं ही दोन्ही ओढ एकाच वेळी असते, बहुतेकांना असते. मदत करणाऱ्याला धरायला जागा आहे ती इथेच. जगण्याची ओढ बाहेरून आणून घालावी लागत नाही. ती आत असते, फक्त तिच्याकडे वळायला माणसाला थोडा वेळ मिळायला हवा.

आमच्या खालच्या मजल्यावर वहिनी राहतात. गाव साताऱ्याकडचं, पाटण तालुक्यातलं. त्यांचे मिस्टर, आम्ही त्यांना भाऊ म्हणतो, तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होते. पंचवीस वर्षं पाठीवर गोणी वाहिल्या. मग कमरेचा मणका गेला आणि काम सुटलं. घर चाललं होतं, मुलगा कमवत होता, कुणी एका शब्दानं बोललं नव्हतं. पण भाऊंच्या मनात एक वाक्य बसलं. ते त्यांनी मला नंतर, बरे झाल्यावर सांगितलं. “जन्मभर वजं उचाललं. आता मीच वजं झालो म्हणायचं.”

हे वाक्य शब्द बदलून जगभरची माणसं बोलतात. थॉमस जॉइनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने २००५ मध्ये जी मांडणी केली, तिच्यात दोन गोष्टींवर भर आहे : आपण दुसऱ्यांवर ओझं झालो आहोत ही भावना, आणि आपण कुणाचे उरलो नाही ही भावना. या दोन्ही एकत्र आल्या आणि त्या कधी पालटणार नाहीत असं वाटू लागलं, की मरणाची इच्छा उभी राहते. यात ‘भावना’ हा शब्द महत्त्वाचा. भाऊ खरोखर ओझं होते का, याचा इथे संबंध नाही. वहिनींच्या दृष्टीने ते घराचा खांब होते. पण आतल्या माणसाला हिशेब उलटाच दिसतो : मी गेलो तर औषधांचा खर्च वाचेल, मुलाचं लग्न सुरळीत होईल, ही सुटेल. बाहेरच्याला ‘स्वार्थी, पळपुटा’ वाटणारा माणूस आतून घरच्यांवर उपकार करायला निघालेला असतो. माझंही तेच होतं. ‘मुलांना माझ्यापेक्षा चांगली आई मिळेल,’ असं मला वाटायचं, आणि ते त्यागासारखं वाटायचं.

म्हणूनच ‘पोरांच्या तोंडाकडे बघ,’ या सल्ल्याचा उपयोग होत नाही, पुष्कळदा उलट होतं. पोरांच्या तोंडाकडे बघूनच तर तो विचार आलेला असतो. ‘तुला कमी काय आहे?’ हे वाक्य लाजेत भर घालतं. ‘पाप आहे’ म्हटलं की माणूस बोलायचा थांबतो, विचार थांबत नाही. मला यांतली तिन्ही वाक्यं प्रेमाच्या माणसांनी ऐकवली आहेत. त्यांच्यावर राग नाही. त्यांना दुसरं काही म्हणायला कुणी शिकवलेलंच नव्हतं.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद आहे. सर्वांत जास्त, २२,७४६, महाराष्ट्रातल्या. एकूणांतल्या चौथ्या हिश्शाहून थोड्या जास्त रोजंदारीवर काम करणाऱ्यांच्या, आणि गेलेल्या बायकांमध्ये निम्म्याहून जास्त गृहिणी. हे आकडे वाचताना मला भाऊ आणि मी, दोघेही त्यात दिसतो. खालचा मजला आणि वरचा मजला.

विचारलं तर काय होतं

भाऊंच्या बाबतीत वहिनींना कळलं कसं? गावच्या जत्रेला भाऊ एकदाही चुकले नव्हते, त्या वर्षी ‘तुम्ही जाऊन या’ म्हणाले. एका संध्याकाळी त्यांनी बायकोला शेजारी बसवून पासबुक, गावच्या जमिनीचा सातबारा, कुणाचं किती देणं-घेणं हे सगळं नीट समजावून सांगितलं. आणि कित्येक महिन्यांनी ते एकदम शांत झाले, चांगलं जेवले. दुसऱ्या कुणाला हे सुधारणेचं लक्षण वाटलं असतं. वहिनींच्या पोटात गोळा आला. लांबलेल्या दुःखानंतर कारण नसताना आलेली शांतता, निरवानिरव, आवडीच्या गोष्टीपासून काढलेलं अंग, या खुणांची यादी त्यांनी कुठे वाचली नव्हती. तीस वर्षांच्या संसारात त्यांना नवरा पाठ होता.

त्यांनी सरळ विचारलं, “मरायचा इचार हाय का तुमच्या मनात?” भाऊ रात्रभर बोलले.

आपल्याला हाच प्रश्न विचारायची भीती वाटते. विचारलं तर नसलेला विचार आपण त्याच्या डोक्यात घालू, असं वाटतं. यावर बरंच संशोधन झालं आहे आणि ते एका दिशेने बोलतं : विचारल्याने विचार वाढत नाही. ज्यांच्या मनात तो आधीच आहे त्यांचा ताण उलट थोडा हलका होतो. अट एकच, विचारणं खरं हवं. ‘तसलं काही वेडंवाकडं मनात नाही ना तुझ्या?’ या प्रश्नात ‘नाही’ हे उत्तर आधीच मागितलेलं असतं. माणूस तेवढंच देतो आणि आपण निवांत होतो.

मला वहिनींनी विचारलं ते कढीपत्ता द्यायला वर आल्या तेव्हा. दारातच उभ्या राहून दोन मिनिटं माझ्याकडे बघितलं, मग आत येऊन जमिनीवर बसल्या. “मरावंसं वाटतंय का गं तुला?” मी ‘काहीतरीच काय वहिनी’ म्हणायला तोंड उघडलं आणि त्यातून रडूच बाहेर आलं. त्या गप्प बसल्या. समजूत घातली नाही, उपाय सांगितला नाही, मुलीला मांडीवर घेऊन बसून राहिल्या. खूप वेळाने म्हणाल्या, “समद्या जल्माचं सोड. आज रातीचं बोल. आज रातीला कोण हाय तुझ्यापाशी?”

हा प्रश्न किती शहाणा होता, ते मला पुढे वाचताना समजलं. ही लाट असते. चढते, तेव्हा आता उतरणारच नाही असं वाटतं, पण ती उतरते. सर्वांत धोक्याचा काळ कित्येकदा काही मिनिटांचा किंवा काही तासांचा असतो. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये १९३७ ते १९७१ या काळात जीव द्यायला निघालेल्या ज्या ५१५ लोकांना ऐनवेळी अडवलं गेलं, त्यांचं पुढे काय झालं, हे रिचर्ड सायडन नावाच्या संशोधकाने १९७८ मध्ये शोधून काढलं. त्यांतले सुमारे ९४ टक्के लोक एकतर जिवंत होते किंवा नैसर्गिक कारणांनी गेले होते. ‘ज्याला जायचं तो जाणारच, आज नाही तर उद्या,’ हे वाक्य आपण जाणतेपणाने उच्चारतो, पण ते खोटं आहे. त्यातही शेवटी ‘च’ आहे, बघा. एक रात्र ओलांडून देणं हे फार मोठं काम असतं. त्या रात्री मन ज्या वस्तूकडे सारखं जातं ती घरातून हलवणं किंवा दुसऱ्याच्या ताब्यात देणं, हाही त्याच कामाचा भाग.

वहिनी त्या दिवशी माझा नवरा घरी येईपर्यंत थांबल्या आणि त्याला माझ्यादेखत सांगितलं. मला चीड आली होती. आज वाटतं, माझ्या जिवाचा प्रश्न असताना त्यांनी गुपित राखलं नाही हे योग्य केलं. कुणी तुम्हाला असं सांगितलं आणि ‘कुणाला सांगू नकोस’ अशी शपथ घातली, तर ती शपथ घेऊ नका.

डॉक्टरांकडे जायला मात्र मीच अडून बसले. आमच्या भागात वाढलेल्या कुणालाही ‘हिला ठाण्याला पाठवा’ या वाक्याचा अर्थ सांगावा लागत नाही. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं. शंभराहून जास्त वर्षं झाली, आणि एका अख्ख्या शहराचं नाव शिवीसारखं वापरायची सवय आपल्याला लागली. मी खरोखर घाबरले होते, की मला कुठेतरी दार लावून ठेवतील आणि बाळ काढून घेतील. झालं ते असं : एक बाई, टेबलावर पाण्याची बाटली, पाऊण तास प्रश्न. बाळंतपणानंतरचं नैराश्य. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार विकसनशील देशांत बाळंत झालेल्या दर पाच बायकांपैकी जवळजवळ एकीला बाळंतपणानंतर मानसिक त्रास होतो, आणि त्यात नैराश्य प्रमुख असतं. अंगावर पाजत असतानाही चालतील अशा गोळ्या असतात, त्यांतली मला दिली. घरी राहूनच उपचार झाले. गोळीचा गुण यायला काही आठवडे जातात. त्या दिवसांत माणसाला एकटं सोडायचं नसतं, आणि मूड सुधारण्याआधीच अंगात बळ आलं आणि विचार वाढले, तर लगेच डॉक्टरांना कळवायचं असतं. हे मला आधी सांगितलं होतं, म्हणून दुसऱ्या आठवड्यात ‘काहीच होत नाही’ म्हणून मी गोळ्या सोडल्या नाहीत.

ठाण्यात ज्याच्या नावाने लोक चिडवतात त्या रुग्णालयातही ओपीडी चालते. माणसं तपासून घेतात, औषध घेतात, रिक्षाने घरी जातात. मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्थाही ठाण्यातलीच, आणि मनाच्या आजाराबद्दल मराठीत मोकळेपणाने बोलायची सवय लावण्यात तिचा वाटा मोठा आहे.

दुसरी भीती पोलिसांची असते. प्रयत्न करून वाचलेल्या माणसाला घरचे दवाखान्यात नेतात आणि ‘पडला’ म्हणून सांगतात. डॉक्टरांपासून खरं लपलं, की उपचार चुकतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं ११५ वं कलम सांगतं, की वेगळं काही सिद्ध झालं नाही तर असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरून चालायचं, त्याच्यावर खटला चालवायचा नाही, आणि त्याची काळजी घेणं हे सरकारचं कर्तव्य आहे. १ जुलै २०२४ पासून जी भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात जुन्या दंडविधानातलं ३०९ कलम ठेवलेलंच नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा आहे. तेव्हा दवाखान्यात खरं सांगा.

भाऊंना आणि मला कशाने तारलं, असं कुणी विचारलं तर मी गोळ्यांचं नाव आधी घेईन, समुपदेशनाचं मग, आणि तिसरं ज्याचं घेईन ते इतकं साधं आहे की त्याला कुणी उपचार म्हणणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत एक प्रयोग केला होता, त्यांतलं एक ठिकाण आपलं चेन्नई. प्रयत्न करून वाचलेल्या १,८६७ लोकांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार दिले. दुसऱ्याला त्याखेरीज एक तासभर नीट माहिती आणि पुढच्या दीड वर्षात नऊ वेळा फोन किंवा भेट : कसे आहात, काही हवं आहे का. २००८ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. दीड वर्षात पहिल्या गटातले २.२ टक्के लोक आत्महत्येने गेले, दुसऱ्यातले ०.२ टक्के. तासभर कुणीतरी नीट सांगितलं आणि नऊ वेळा आठवण ठेवली, एवढाच फरक.

डॉक्टरांनी माझ्याकडून एक कागद लिहून घेतला होता. लाट चढायला लागली की क्रमाने काय करायचं त्याचा. स्टॅन्ली आणि ब्राउन या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी रुळवलेली ही पद्धत आता जगभर वापरतात. आधी माझ्या धोक्याच्या खुणा : झोप जाणं, डायरीत ‘च’ वाढणं. मग एकटीने करायच्या गोष्टी : अंघोळ, पायऱ्या उतरून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाणं. मग माणसांमध्ये जाऊन बसायच्या जागा. मग कुणाला फोन करायचा ती नावं, मग डॉक्टर, मग १४४१६. हा कागद बरं वाटत असताना, शांत डोक्याने लिहायचा. लाटेत असताना माणसाला आपल्याच बहिणीचं नाव सुचत नाही, खरंच सुचत नाही.

तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. घड्या पडलेल्या ठिकाणी फाटत आला आहे. फोनच्या यादीत दुसरं नाव वहिनींचं. गेल्या वर्षी त्यांनी सिम बदललं, तेव्हा त्या वर आल्या, माझ्याकडून पेन मागून घेतलं, कपाट उघडून जुना नंबर खोडला आणि खाली मोठ्या अक्षरांत नवा लिहून ठेवला.